अमेरिकेतले राष्ट्रीय दिन कुठून आले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकणारी, नोकरी करणारी मुलं फोनवर सहज सांगून जातात, ‘या सोमवारी लेबर डे आहे, सुट्टी.’ इथल्या घरातून पुढचा प्रश्न येतो, म्हणजे नक्की काय असतं? कुणी ठरवलं? हे पान त्या प्रश्नांसाठी आहे. यातले बहुतेक दिवस वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत जन्मलेले नाहीत, हे सुरुवातीलाच सांगायला हवं. कुठल्या तरी गावातल्या बायकांनी, शाळामास्तरांनी, कामगारांनी, गुलामीतून सुटलेल्या माणसांनी ते आधी पाळले आणि कायदा मागून आला, काही वेळा शंभर वर्षांनी. हा क्रम लक्षात ठेवला की पुढची उत्तरं नीट उलगडतील.

अमेरिकेत राष्ट्रीय सुट्ट्या किती आहेत?

काटेकोरपणे बोलायचं तर एकही नाही. आपल्याकडे १५ ऑगस्टला सगळ्या देशाला सुट्टी असते, तशी सर्वांवर बंधनकारक सुट्टी जाहीर करण्याची पद्धत तिथे नाही. अमेरिकन काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, सुट्टी ठरवते ती केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आणि राजधानीच्या जिल्ह्यासाठी. प्रत्येक राज्य आपल्या सुट्ट्या आपण ठरवतं, आणि खासगी कंपनीवर तर पगारी सुट्टी देण्याची सक्ती कुठलाही केंद्रीय कायदा करत नाही. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दुकानात उभा असलेला विक्रेता म्हणूनच कायदा मोडत नसतो.

केंद्र सरकारच्या वार्षिक सुट्ट्या ११ आहेत: नववर्षदिन, मार्टिन ल्यूथर किंग जयंती, वॉशिंग्टन जयंती, मेमोरियल डे, जूनटीन्थ, ४ जुलै, लेबर डे, कोलंबस डे, व्हेटरन्स डे, थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमस. या यादीची सुरुवात २८ जून १८७० च्या कायद्याने झाली. तेव्हा तिच्यात नववर्ष, ४ जुलै, थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमस एवढेच दिवस होते, आणि तेही फक्त वॉशिंग्टन शहरातल्या कचेऱ्यांसाठी.

सुट्टी नसलेले पण ‘राष्ट्रीय’ म्हणवले जाणारे दिवस कोणते?

अमेरिकन कायद्यात यासाठी दोन वेगळे कप्पे आहेत. सुट्ट्या येतात कर्मचाऱ्यांविषयीच्या पाचव्या खंडात. छत्तिसाव्या खंडात नुसते पाळायचे दिवस आहेत: मदर्स डे, फादर्स डे, फ्लॅग डे, संविधान दिन आणि असे बरेच. त्या दिवशी कचेऱ्या चालू राहतात. राष्ट्राध्यक्ष एक घोषणापत्र काढतात, झेंडे लागतात, शाळांत कार्यक्रम होतात.

फ्लॅग डेची गोष्ट मला फार आवडते. १४ जून १७७७ रोजी अमेरिकेचा ध्वज ठरला. १८८५ साली विस्कॉन्सिनमधल्या वौबेका गावाजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत बर्नार्ड सिग्रँड नावाच्या तरुण मास्तरांनी मुलांना त्या तारखेला ध्वजावर निबंध लिहायला लावले. पुढे ते दंतवैद्य झाले, पण आयुष्यभर या दिवसासाठी लिहीत-बोलत राहिले. १९१६ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी घोषणापत्र काढलं आणि १९४९ साली ट्रुमन यांनी कायद्यावर सही केली. तोवर सिग्रँड हयात नव्हते.

संविधान दिनाचा मार्ग उलटा आहे, तो वरून खाली आला. सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी २००४ साली तरतूद करून घेतली की केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने १७ सप्टेंबरला संविधानाविषयी काही तरी शिकवलंच पाहिजे.

एखादा दिवस साऱ्या देशाने मिळून पाळायचा, ही कल्पना मुळात आली कुठून?

उपवासातून. न्यू इंग्लंडमधले, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या इंग्रज वसाहतींतले, प्युरिटन हे कर्मठ ख्रिस्ती लोक ख्रिसमससुद्धा पाळत नसत, पण दुष्काळ, साथ किंवा युद्ध आलं की गव्हर्नर उपवासाचा दिवस जाहीर करत आणि संकट टळलं की आभाराचा. हे दिवस पंचांगात ठरलेले नसत, प्रसंगाप्रमाणे जाहीर होत. स्वातंत्र्ययुद्धात काँटिनेंटल काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, हीच रीत उचलली. २० जुलै १७७५ हा सर्व वसाहतींसाठी उपवास आणि प्रार्थनेचा दिवस ठरला. साराटोगाला ब्रिटिश फौजेवर मिळालेल्या विजयानंतर १८ डिसेंबर १७७७ हा आभाराचा. तेरा वसाहतींनी एकाच दिवशी एकच गोष्ट करायची, याची सवय इथे लागली.

नवं संविधान आल्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांनी २६ नोव्हेंबर १७८९ हा आभाराचा दिवस जाहीर केला. पण थॉमस जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी असे दिवस जाहीर करायला नकार दिला. लोकांनी कधी आणि कशी प्रार्थना करावी हे सांगणं सरकारचं काम नाही, हे त्यांचं म्हणणं. सरकार आणि धर्म यांच्यातल्या अंतराचा तो वाद आजही मिटलेला नाही. १९५२ साली कायद्याने ‘राष्ट्रीय प्रार्थना दिन’ सुरू झाला आणि तो न्यायालयापर्यंत गेला.

उपवासाच्या जुन्या दिवसाचं काय झालं? मॅसॅच्युसेट्सने १८९४ साली तो रद्द करून त्या जागी स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या चकमकींच्या स्मरणार्थ पॅट्रियट्स डे आणला. शेजारच्या न्यू हॅम्पशायरने मात्र ‘फास्ट डे’ ही सुट्टी १९९१ पर्यंत कागदावर टिकवली.

थँक्सगिव्हिंग १६२१ पासून सलग चालत आलंय ना?

नाही. १६२१ च्या शरद ऋतूत प्लिमथ वसाहतीतल्या इंग्रजांनी आणि तिथल्या मूलनिवासी वॉम्पनोआग लोकांनी एकत्र जेवण केलं हे खरं, पण ते एका वर्षाचं सुगीचं जेवण होतं. त्याला सणाचं मूळ म्हणून जोडलं ते एकोणिसाव्या शतकात.

आजचा सण उभा केला सारा जोसेफा हेल यांनी. ‘गोडीज लेडीज बुक’ या बायकांच्या मासिकाच्या त्या संपादक होत्या. त्या काळी प्रत्येक राज्य आपापल्या तारखेला थँक्सगिव्हिंग करी, काही राज्यं करतच नसत. १८४६ पासून हेल यांनी वर्षामागून वर्ष अग्रलेख लिहिले, गव्हर्नरांना आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रं पाठवली. मागणी एकच, सगळ्या देशाचा दिवस एक असावा. देश दोन तुकड्यांत फुटण्याच्या वाटेवर होता आणि एका ताटाची कल्पना त्यांना त्यावरचा उपाय वाटत होती. २८ सप्टेंबर १८६३ ला त्यांनी लिंकन यांना पत्र लिहिलं. पाचच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर झाला. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांमधल्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. ज्या बाईला मतदानाचा हक्क नव्हता तिने देशाच्या पंचांगात एक दिवस घातला. याहून मोठं नागरी काम मला सहज आठवत नाही.

तारखेचा गोंधळ पुढे १९३९ मध्ये झाला. त्या नोव्हेंबरात पाच गुरुवार होते आणि शेवटचा ३० तारखेला येत होता. ख्रिसमसच्या खरेदीला दिवस कमी पडतील, अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे घेतला. जवळपास निम्म्या राज्यांनी ऐकलं, बाकीच्यांनी नाही, आणि देशात दोन थँक्सगिव्हिंग झाली. शेवटी डिसेंबर १९४१ मध्ये कायदा होऊन चौथा गुरुवार पक्का ठरला.

वॉम्पनोआग आणि इतर मूलनिवासींसाठी हा दिवस वेगळा आहे. १९७० पासून त्याच गुरुवारी ते प्लिमथला जमतात आणि ‘राष्ट्रीय शोकदिन’ पाळतात. थँक्सगिव्हिंगची माहिती देताना हे वगळणं मला योग्य वाटत नाही.

४ जुलैला नेमकं काय झालं होतं?

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंजूर झाला. स्वातंत्र्याचा ठराव दोन दिवस आधीच, २ जुलै १७७६ ला, संमत झाला होता. म्हणून जॉन ॲडम्स यांनी पत्नी ॲबिगेल यांना लिहिलं होतं की पुढच्या पिढ्या २ जुलै साजरा करतील, तोफा आणि रोषणाई करून. रोषणाईचा अंदाज बरोबर आला, तारखेचा नाही. गुलामीतून सुटून आलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ साली रॉचेस्टरला भाषण केलं तेव्हा मुद्दाम ५ जुलै निवडला आणि गुलामाला या दिवसाशी काय देणंघेणं, असा थेट सवाल टाकला.

मेमोरियल डे कुणी सुरू केला?

यावर दोन डझन गावं दावा सांगतात, आणि त्यात खोटं बोलणारं बहुधा कुणीच नाही. यादवी युद्धात सहा लाखांहून जास्त सैनिक मेले. जवळजवळ प्रत्येक गावात ताज्या कबरी होत्या आणि वसंतात फुलं होती. एकच गोष्ट अनेक ठिकाणी, एकमेकांना न विचारता सुरू झाली.

त्यातली सर्वांत जुन्या काळची मोठी घटना साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनची. तिथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दक्षिणेच्या फौजेने उत्तरेच्या युद्धकैद्यांना उघड्यावर डांबलं होतं. अडीचशेहून अधिक कैदी मेले आणि त्यांना घाईने एका मोठ्या खड्ड्यात पुरलं गेलं. शहर पडल्यावर नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कामगारांनी ती प्रेतं उकरून काढली, प्रत्येकाला वेगळी कबर दिली, भोवती कुंपण घातलं. १ मे १८६५ रोजी सुमारे दहा हजार लोक तिथे जमले, पुढे शाळेची हजारो मुलं फुलं घेऊन. पुढची अनेक दशकं शहराच्या सत्ताधाऱ्यांनी ही आठवण मागे ढकलली. १९९० च्या दशकात इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांना जुन्या कागदपत्रांत तिचा धागा सापडला तेव्हा ती पुन्हा सर्वांसमोर आली.

१८६६ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपीतल्या कोलंबस गावच्या बायकांनी आपल्या माणसांच्या कबरींबरोबर शत्रूच्या सैनिकांच्या कबरींवरही फुलं वाहिली. त्याच वर्षी ५ मे रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरलू गावाने सगळी दुकानं बंद ठेवून दिवस पाळला.

देशव्यापी रूप दिलं ते जनरल जॉन लोगन यांनी. उत्तरेच्या माजी सैनिकांच्या ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ या संघटनेचे ते प्रमुख. ५ मे १८६८ च्या त्यांच्या आदेशात ३० मे ही तारीख होती. तो संघटनेचा आदेश होता, सरकारचा नव्हे. त्या दिवशी आर्लिंग्टनला पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स गारफिल्ड बोलले. लोक याला बरीच वर्षं ‘डेकोरेशन डे’ म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर तो सगळ्या युद्धांतल्या मृतांचा दिवस झाला.

१९६६ साली काँग्रेसने आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वॉटरलूला अधिकृत जन्मस्थानाचा मान दिला. माझ्या मते पहिला मान चार्ल्स्टनचा.

मग व्हेटरन्स डे वेगळा कसा?

मेमोरियल डे युद्धात गेलेल्यांसाठी, व्हेटरन्स डे सेवा केलेल्या सर्वांसाठी, जिवंत धरून. ओळखीच्या माजी सैनिकाला मे महिन्यात ‘हॅपी मेमोरियल डे’ म्हणू नये, त्याच्या मनात त्या दिवशी गेलेले सोबती असतात.

११ नोव्हेंबर १९१८ ला पहिलं महायुद्ध थांबलं, म्हणून आधी हा ‘आर्मिस्टिस डे’ होता. १९३८ साली सुट्टी झाली. मग दुसरं महायुद्ध आणि कोरिया झालं. कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावच्या ॲल्विन किंग या चपलांच्या दुकानदाराने १९५३ मध्ये हा दिवस सर्वच युद्धांतल्या सैनिकांचा करायचं ठरवलं, गावाने साथ दिली, तिथल्या खासदाराने विधेयक नेलं आणि १ जून १९५४ रोजी आयझेनहॉवर यांनी सही केली.

कामगार दिन जगात १ मेला, अमेरिकेत सप्टेंबरात. असं का?

गंमत म्हणजे १ मे अमेरिकेतूनच जगात गेला. १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी तिथे देशभर संप झाले आणि तीन दिवसांनी शिकागोच्या हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला. पण त्याआधीच, ५ सप्टेंबर १८८२ रोजी, न्यूयॉर्कच्या सेंट्रल लेबर युनियनने हजारो कामगारांचा मोर्चा काढून आपला दिवस केला होता. तो मंगळवार होता, लोकांनी रोजगार बुडवून मोर्चा काढला. कल्पना सुताराचं काम करणाऱ्या पीटर मॅकग्वायर यांची की यंत्रकामगार मॅथ्यू मॅग्वायर यांची, हा वाद अजून चालू आहे. ओरेगनने १८८७ मध्ये पहिला कायदा केला, पुढे वीसहून अधिक राज्यांनी.

राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी २८ जून १८९४ ला केंद्राच्या कायद्यावर सही केली. पुलमन हा रेल्वे कामगारांचा संप मोडल्यावर कामगारांना शांत करण्यासाठी ही सही झाली, असं नेहमी वाचायला मिळतं. तारखा पाहिल्या तर सही आधीची आहे, शिकागोत फौज जुलैत उतरली. संप मात्र सुरू झालेला होता, आणि मेऐवजी सप्टेंबर सरकारला सोयीचा वाटला हे खरं. शीतयुद्धात तर १ मेला ‘लॉयल्टी डे’ करून टाकलं.

बऱ्याच सुट्ट्या सोमवारीच का येतात?

१९६८ च्या कायद्यामुळे. तो १९७१ पासून लागू झाला. लोकांना जोडून तीन दिवस मिळावेत, प्रवास आणि व्यापार वाढावा हा हेतू. वॉशिंग्टन यांचा जन्म २२ फेब्रुवारीचा, पण तिसरा सोमवार १५ ते २१ मध्येच येतो, म्हणजे त्यांची जयंती खऱ्या तारखेला कधीच येत नाही. ‘प्रेसिडेंट्स डे’ हे दुकानांच्या जाहिरातींनी रुजवलेलं नाव, केंद्राच्या कायद्यात आजही वॉशिंग्टन जयंतीच आहे. व्हेटरन्स डेही ऑक्टोबरात सरकवला होता. माजी सैनिकांनी आणि राज्यांनी ते मानलं नाही, आणि १९७८ पासून तो ११ नोव्हेंबरला परत आला.

मदर्स डे हा ग्रीटिंग कार्डवाल्यांचा दिवस आहे का?

मुळात अजिबात नाही. वेस्ट व्हर्जिनियात ॲन जार्व्हिस यांनी यादवी युद्धाच्या आधीच आयांचे गट बांधले होते. स्वच्छ पाणी, स्वच्छ दूध, बालमृत्यू थांबवणं हे त्यांचं काम. युद्धात त्यांनी दोन्ही बाजूंच्या जखमींची सेवा केली. त्या गेल्यावर मुलगी ॲना यांनी १० मे १९०८ रोजी ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये स्मरणाचा कार्यक्रम घडवला आणि आईला आवडणारी पांढरी कार्नेशनची पाचशे फुलं पाठवली. १९१४ मध्ये विल्सन यांनी मेचा दुसरा रविवार जाहीर केला. फुलवाले आणि कार्डवाले लगेच आले. ॲना यांनी उरलेलं आयुष्य त्यांच्याशी भांडण्यात घालवलं. शेवटी तर दिवसच रद्द करा म्हणून सह्या गोळा केल्या. १९४८ साली त्या एका रुग्णालयात वारल्या, जवळ पैसा नव्हता.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुट्टीला इतका उशीर का झाला?

हत्या ४ एप्रिल १९६८ ची. चौथ्या दिवशी खासदार जॉन कॉन्यर्स यांनी विधेयक मांडलं. कायदा झाला २ नोव्हेंबर १९८३ ला. मधली पंधरा वर्षं कॉन्यर्स दर अधिवेशनात ते पुन्हा आणत राहिले. १९७९ मध्ये ते प्रतिनिधीगृहात पाच मतांनी पडलं. कोरेटा स्कॉट किंग यांनी देश पिंजून काढला, गायक स्टीव्ही वंडर सोबत आले, साठ लाख सह्या जमल्या. सुट्टीचा खर्च परवडत नाही, पदावर नसलेल्या माणसाची जयंती कशाला, अशी कारणं विरोधकांनी पुढे केली. काहींनी त्यांना कम्युनिस्ट ठरवण्याचाही प्रयत्न केला. पहिली सुट्टी २० जानेवारी १९८६ ला झाली. ॲरिझोनाच्या मतदारांनी १९९० मध्ये नकार दिला तेव्हा अमेरिकन फुटबॉलचा १९९३ चा अंतिम सामना, सुपर बोल, तिथून हलवला गेला. १९९२ मध्ये त्यांनी मत बदललं.

१९५९ च्या भारतभेटीत किंग मुंबईच्या मणिभवनात राहिले होते, गांधीजींच्या वास्तूत. मुंबईत असाल तर ते घर जरूर पाहा.

जूनटीन्थ म्हणजे काय?

लिंकन यांची गुलाममुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ ची. टेक्ससमधल्या गुलामांना ती लागू झाल्याचं जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गॅल्व्हेस्टनला जाहीर केलं १९ जून १८६५ ला. अडीच वर्षं त्यांच्याकडून फुकट काम करून घेतलं गेलं होतं. पुढच्याच वर्षापासून ती माणसं हा दिवस करू लागली. सार्वजनिक बागांत त्यांना जागा मिळेना, म्हणून ह्यूस्टनमध्ये त्यांनी १८७२ साली वर्गणी काढून दहा एकर जमीन विकत घेतली. ते इमॅन्सिपेशन पार्क आजही आहे. टेक्ससने १९७९ मध्ये कायदा केला. फोर्टवर्थच्या ओपल ली या निवृत्त शिक्षिका नव्वदीच्या उंबरठ्यावर वॉशिंग्टनच्या दिशेने पायी निघाल्या, आणि १७ जून २०२१ रोजी बायडेन यांनी सही केली तेव्हा त्या तिथे हजर होत्या.

मराठी वाचकाला हा इतिहास परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. जूनटीन्थ तेव्हा आठ वर्षांचा होता.

कोलंबस डे की मूलनिवासी दिन?

केंद्राच्या कायद्यात कोलंबस डे आहे. पण १८९१ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने अकरा इटालियनांना ठार केलं होतं, आणि इटालियन स्थलांतरितांना हा दिवस ‘आम्हीही इथले’ असं म्हणण्यासाठी हवा होता, हेही माहीत असावं. १८९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी कोलंबस अमेरिकेत पोचल्याच्या चारशेव्या वर्षानिमित्त घोषणा केली. शंभर वर्षांनी बर्कली शहराने त्याच दिवशी मूलनिवासी दिन सुरू केला, नंतर अनेक शहरांनी आणि राज्यांनी. दोन दुखऱ्या समाजांच्या आठवणी एकाच सोमवारी आल्या आहेत.

‘नॅशनल डोनट डे’सारखे दिवस सरकारी असतात का?

बहुतेक नाहीत. ते कंपन्या आणि खासगी संकेतस्थळं जाहीर करतात. डोनट डेला मात्र चांगलं मूळ आहे: साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेने १९३८ मध्ये शिकागोत तो सुरू केला, पहिल्या महायुद्धात सैनिकांना डोनट तळून देणाऱ्या स्वयंसेविकांच्या सन्मानार्थ. आइस्क्रीमचा महिना मात्र १९८४ मध्ये रेगन यांच्या घोषणापत्राने खरोखर जाहीर झाला होता.

आज कुणाला नवा दिवस सुरू करायचा असेल तर?

१९८० च्या दशकात काँग्रेस असे दिवस भराभर मंजूर करत होती. प्रतिनिधीगृहाने १९९५ मध्ये नियम करून स्मरणदिनाची विधेयकं मांडणंच बंद केलं. सिनेटचे ठराव आणि राष्ट्राध्यक्षांची घोषणापत्रं हे मार्ग उरले आहेत. खरी हालचाल राज्यांत आणि शहरांत होते. दिवाळीचंच पाहा. केंद्रीय सुट्टीचं विधेयक २०२३ मध्ये मांडलं गेलं, मंजूर झालं नाही. पण त्याच वर्षी न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी देणारा कायदा झाला, २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियाने आणि २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने दिवाळीला राज्याच्या यादीत मान्यता दिली. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना यात भर घालायची असेल तर सुरुवात आपल्या गावच्या स्कूल बोर्डापासून करा. त्या बैठका नागरिकांना खुल्या असतात.